घाण्याच्या बैलामागचं कुत्रं

माझी नात पुण्याला असते. सुट्टीत नांदेडला आली की मला मोबाईलवर काहीबाही दाखवत बसते. परवा तिनं एक गुबगुबीत कुत्रं दाखवलं. ते स्वतःच्याच शेपटीमागे गरागरा फिरत होतं, घरातली माणसं टाळ्या वाजवत होती आणि मागे कुणीतरी झकास गाणं जोडलं होतं. नात हसून हसून लोळत होती. मी म्हणालो, "जरा थांबव, शेपटीचं मूळ दिसू दे." ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही रिटायर झालात." झालोय खरा. पण उभी हयात जनावरांच्या मागच्या बाजूला उभं राहून काढलेल्या माणसाची नजर एवढ्या लवकर पुढच्या बाजूला येत नाही.

मी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टर होतो. लोकांच्या भाषेत ढोराचा डॉक्टर. वडील मुदखेड जंक्शनला रेल्वेत गँगमन. पोरगा डॉक्टर होणार म्हणून त्यांनी वस्तीत पेढे वाटले आणि नंतर कुणीतरी "माणसांचा का?" असं विचारल्यावर "सगळ्यांचा" असं ठोकून दिलं. मला ते उत्तर पुढे फार उपयोगी पडलं.

बाहेरच्या माणसाला आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. आमचा रोगी बोलत नाही. बोलतो तो मालक, आणि मालक निम्मं विसरलेला असतो, निम्मं लपवतो. म्हैस चार दिवसांपासून चारा खात नसेल तर तो "कालपासून" सांगतो, कारण मधल्या तीन दिवसांत त्यानं गावठी औषध पाजलेलं असतं. म्हणून आम्ही मालकाचं ऐकून घ्यायचं आणि जनावराकडं बघत राहायचं. हात लावायच्या आधी नुसतं बघायचं. माझ्या नोकरीचा मोठा भाग असा नुसता बघण्यात गेला. बायको म्हणायची, पगार कशाचा देतात तुम्हाला, टक लावून बसण्याचा? मी म्हणायचो, हाव, त्याचाच.

सरकारच्या लेखी आमच्याकडं कुत्रं नव्हतंच. बैल, गाय, म्हैस, शेळी, फार तर कोंबडी. लसी गुरांच्या, औषधं गुरांची. बैल बांधायला लाकडी खोडा होता, त्यात कुत्रं उभं केलं तर खालून निघून जायचं. तरीही कुत्री यायची. नोकरीत जी कुत्री शेपटीमागे फिरताना पाहिली, त्यांतल्या प्रत्येकाचं कारण निराळं निघालं.

माहूरला होतो तेव्हा दवाखान्यामागच्या पडक्या खोलीत एक कुत्री व्याली. पिल्लं डोळे उघडून जरा पायावर आली की सगळी स्वतःच्या शेपटीमागे लागली. त्यांना ती शेपटी आपली आहे हेच ठाऊक नसतं. मागे काहीतरी हलतंय, धरावं, एवढंच. धरली की दुखते, दुखली की सोडतात, सोडली की पुन्हा हलते. या खेळाला औषध नाही आणि देऊही नये.

लातूरला एका बँकेच्या साहेबांचं पांढरंशुभ्र केसाळ कुत्रं होतं. ते फिरायचं आणि फरशीवर बूड घासत चालायचं. बाईसाहेबांना ते "नाचतं" असं वाटायचं. कुत्र्याच्या गुदद्वाराशी दोन बारीक पिशव्या असतात, त्या तुंबल्या की ठणका लागतो. मी हातमोजा चढवला, बाईसाहेबांना म्हणालो, "तुम्ही जरा बाहेर बसा." त्या म्हणाल्या, "नको, तो माझ्याशिवाय राहत नाही." त्यानंतर खोलीत जो वास सुटला त्यानं त्या त्याच्याशिवाय राहिल्या. कुत्रं मात्र माझा हात चाटत होतं.

पिसवा, पोटातले जंत, शेपटीच्या बुडाशी झालेली जखम, अशी बरीच कारणं असतात. एक कारण मात्र कातडीत सापडत नाही.

लातूर जिल्हा उस्मानाबादेतून नुकताच वेगळा झाला होता. नवा जिल्हा म्हणजे नवी कार्यालयं, आणि कार्यालयांना जागा नाही. कुणाचं ऑफिस लग्नाच्या हॉलमध्ये, कुणाचं मारवाड्याच्या गोदामात. साहेब लोक एकटेच यायचे, कुटुंब मागे राहायचं. अशा एका साहेबांचा अल्सेशियन बंगल्याच्या मागे हातभर साखळीला बांधलेला असायचा. साहेब दौऱ्यावर, कुत्रं साखळीला. ते दिवसभर फिरायचं. शेपटीचं टोक चावून त्यानं हाड उघडं केलं होतं. मी मलम दिलं आणि म्हणालो, "साहेब, याला मोकळं सोडा, रोज फिरवा, माणूस लागतं याला." साहेब मान डोलावून हो म्हणाले. महिन्यानं पुन्हा गेलो तर साखळी लांब झाली होती आणि रिंगणही. मला अजून त्या कुत्र्याचं वाईट वाटतं.

तर असं सगळं माहीत असताना माझी बदली चाकूरच्या दवाखान्यात झाली. त्या सुमारास दुष्काळ पडला. आमच्या भागात दुष्काळाचं कुणाला नवल नाही, पण त्या वर्षी विहिरींचे तळ दिसत होते आणि कडबा बघायला मिळत नव्हता. चाकूरजवळ जनावरांची छावणी उघडली. आसपासच्या गावांनी आपली गुरं तिथं आणून बांधली. चारा म्हणजे उसाचं वाढं, पाणी टँकरचं. माझं काम रोज छावणीत फिरण्याचं: कोण खातंय, कोण नाही, कुणाचा रवंथ बंद आहे. गुराचं बरंवाईट रवंथावरनं कळतं. रवंथ करणारं जनावर निम्मं बरं असतं.

छावणी माणिकराव नावाचे गृहस्थ चालवायचे. जवळच्याच गावचे, पांढरा मळका सदरा, गळ्यात उपरणं, तोंडात सतत कुणालातरी हाक. शेकडो गुरांची जबाबदारी अंगावर घेतलेला माणूस, त्यामुळे सदा चिडलेले. एका सकाळी त्यांची फटफटी दवाखान्याच्या ओट्याला येऊन थडकली. खाली उतरायच्या आधीच म्हणाले,

"सायब, चला बिगीनं. कलेक्टर पिसाळलाय."

माझ्या हातातला चहा सांडला. आमचे ड्रेसर युसूफभाई, वयानं माझ्याहून मोठे, शांतपणे म्हणाले, "कोणता कलेक्टर? दोन पायाचा का चार?"

माणिकरावांच्या गावात अंबूबाई नावाच्या तेलीणमावशी होत्या. नवा जिल्हा झाला त्या दिवसांत त्यांच्या दारात एक तांबडं पिल्लू येऊन राहिलं. रोज सकाळी घरोघरी जाऊन डोकावून यायचं, काही न करता परत यायचं. गावानं त्याचं नाव कलेक्टर ठेवलं. आता ते मोठं कुत्रं झालं होतं.

"तीन दिस झाले गोल गोल फिरून राहिलंय," माणिकराव सांगत होते. "तोंड रक्तानं भरलंय. खात न्हाई. पोरं सांगत होती, आपण आपल्यालाच चावून राहिलंय. गाव काठ्या घेऊन हुबं हाय. म्हातारीनं त्याला घाण्याच्या खोलीत कोंडलं अन् दारात बसलीय. म्हणती, आधी मला मारा. आता म्हातारीला कोण मारतंय? पण सायब, ते कुत्रं निसटून छावणीत शिरलं तर? शेकडो ढोरं बांधलेली. पळायला बी येणार न्हाई त्यांना."

त्यांची भीती खोटी नव्हती. पिसाळलेल्या कुत्र्याचा दात लागला की जनावर हातचं गेलं. माणसाला चावलं तर तेव्हा पोटात चौदा सुया घ्याव्या लागत. मी दोरीचा फास, जाड हातमोजे आणि युसूफभाईंना घेऊन निघालो.

अंबूमावशी उंबऱ्यात बसल्या होत्या. हिरवं लुगडं, कपाळ मोकळं, पाठ दाराला लावलेली. समोर काठ्या घेतलेली दहाबारा माणसं, कुणी बसलेलं, कुणी उभं. मला पाहून त्या उठल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "डाक्टर असाल तर या. मारायला आला असाल तर न्हाई." मी डॉक्टर आहे म्हटल्यावर त्यांनी हात लांब करून कोपऱ्यातला तांब्या माझ्यापुढं केला. मी गावागावांत हिंडलेला माणूस. आडनाव विचारून झाल्यावर पाणी कधी पुढं यायचं, कधी यायचं नाही. इथं न विचारता आलं, आणि तेही अशा वर्षी. मी दोन घोट घेतले आणि तांब्या परत ठेवला.

आतली खोली अंधारी होती. मधोमध लाकडी घाणा. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: जमिनीत रोवलेलं मोठं लाकडी उखळ, त्यात उभी जाड लाट, आणि ती फिरवायला एक बैल. बैल सकाळपासून त्या उखळाभोवती फिरतो, उखळात करडई भरडली जाते, खालून तेल निथळतं. बैलाच्या डोळ्यांना ढापणं बांधतात, म्हणजे त्याला चक्कर येत नाही. त्या वर्षी करडई पिकलीच नव्हती. घाणा कोरडा होता आणि उखळात कोळ्याची जाळी दिसत होती.

कुत्रं घाण्याच्या बाजूला फिरत होतं. तोंडात शेपटी, शेपटीचं टोक सोललेलं, जबडा लाल. मी दारातच उकिडवा बसलो. युसूफभाईंनी जर्मनच्या ताटलीत पाणी सरकवलं. कुत्रं आलं, पाणी प्यायलं, पुन्हा फिरायला गेलं. पाणी पितंय, जबडा लोंबत नाही, हे चांगलं होतं. पण सुरुवातीच्या दिवसांत पिसाळलेलं कुत्रंही पाणी पितं. बाहेरून माणिकरावांनी विचारलं, "काय सायब?" मी म्हणालो, "बघून राहिलोय."

बघता बघता एक गोष्ट लक्षात आली. ते एकाच बाजूनं फिरत होतं. पिसवांनी बेजार झालेलं कुत्रं दोन्ही बाजूंनी वळतं, ज्या अंगाला चावा तिकडं. हे मात्र कायम डावीकडं. आणि मधेच थांबायचं. शेपटी सोडायचं, उभं राहायचं, काहीतरी ऐकल्यासारखं करायचं, मग पुन्हा शेपटी धरून चालायला लागायचं. धावत नव्हतं, चालत होतं. पायाखाली बघितलं तर घाण्याभोवती बैलाच्या खुरांनी पडलेली गोल वाट होती, वर्षानुवर्षं तुडवून खोल झालेली.

"मावशी," मी विचारलं, "बैल कुठं आहे?"

"मण्या? छावणीत घातलाय की. घरात काडी न्हाई. माणिकराव टेम्पो घेऊन न्यायला आले होते."

"आणि हे फिरायला कधी लागलं?"

"मण्या गेला त्याच सांजेपासनं."

"हा मण्याच्या मागं फिरायचा का?"

अंबूमावशींनी पहिल्यांदा दाराला लावलेली पाठ सोडली. "आवं, दुसरं काय करायचा? एवढंसं पिल्लू होतं, थंडीत कुडकुडायचं. घाणा फिरला की ह्यो मण्याच्या मागं. मण्याची शेपटी ह्याच्या नाकावरनं जायची, ह्यो ती तोंडात धरायचा अन् चालायचा. पोरानं बापाचं बोट धरावं तसा. मण्यानं कधी लाथ हाणली न्हाई. ढापणं असायची, त्याला दिसायचं न्हाई मागं कोण हाय ते. पण वळखायचा. मोठा झाला तरी सवय गेली न्हाई. दिसभर घाणा, दिसभर ह्यो मागं."

हे मी कुठल्याही पुस्तकात वाचलं नव्हतं आणि ते बरोबरच आहे असं आजही छातीठोक सांगणार नाही. पण मला जे वाटलं ते असं: या कुत्र्यानं जन्मभर एका शेपटीमागं चालायचं काम केलं होतं. ती शेपटी एका सांजेला टेम्पोत चढून गेली. काम करायचं तर घरात एकच शेपटी उरली होती, ती त्याची स्वतःची.

"मावशी, घाणा थांबवायचा असला की तुम्ही मण्याला काय म्हणायचात?"

"काय म्हणायचं? होऽ म्हणायचं."

"म्हणा."

त्यांनी माझ्याकडं वेड्याकडं बघावं तसं बघितलं. मग कुत्र्याकडं वळल्या आणि घाण्यावर बसलेल्या बाईच्या सुरात, लांबवून म्हणाल्या, "होऽऽ, मण्या. होऽऽ."

कुत्रं थांबलं. शेपटी सोडली. आणि जिथं उभं होतं तिथंच खाली बसलं.

दारातली माणसं एकमेकांच्या खांद्यावरून बघत होती. कुणीतरी म्हणालं, "आयला." मी मावशींना म्हणालो, "आता चालवायचा आवाज करा, बघू उठतं का." त्यांनी मान हलवली. "नगं. लई दमलंय. बसू द्या त्याला."

मी पुन्हा सांगितलं नाही. माझी खात्री त्यांच्या "होऽ"वर झाली होती, पण डोळ्यांत पाणी त्यांच्या "नगं"वर आलं.

माणिकरावांची खात्री मात्र झाली नव्हती. "थांबलं म्हणून शहाणं झालं का? मालकिणीचं तर पिसाळलेलं बी ऐकतंय की. उद्या काय झालं तर जिम्मा कोणाचा?" मला राग आला, पण त्यांचं चूक नव्हतं. रोग असला तर दहा दिवसांत कुत्रं जातं, नाहीतर रोग नव्हता. दहा दिवस बांधून बघायचं, याहून दुसरी परीक्षा आमच्याकडं नव्हती. मी म्हणालो, "जिम्मा माझा. दवाखान्यात बांधतो."

मावशींनी स्वतः त्याच्या गळ्यात दोरी घातली. आम्ही त्याला दवाखान्याच्या मागच्या पडवीत साखळीला बांधलं, शेपटीला औषध लावून पट्टी केली. पट्टी त्यानं सांज व्हायच्या आत फाडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच फिरणं. भाकरी तशीच, दूध तसंच. युसूफभाईंनी घरून रश्शात भिजवलेली रोटी आणली, तिचा वास घेऊन त्यानं तोंड फिरवलं. मावशी रोज चालत यायच्या, समोर बसायच्या. "होऽ" म्हटलं की ते बसायचं, त्या गेल्या की उठायचं. मागचे पाय लटपटायला लागले. आणि मागचे पाय लटपटणं, न खाणं, ही त्या रोगाचीही लक्षणं. मी मनातून घाबरलो. माणिकराव ओट्यापर्यंत येऊन बघून जायचे. ते बघणं मला टोचायचं. एकदा मावशींनी विचारलं, "सायब, खरं सांगा, ह्यो जगतोय का?" मी म्हणालो, "खाल्लं तर जगेल." याहून खरं मला माहीत नव्हतं.

त्या दिवशी छावणीत फिरताना मी मण्याला शोधून काढलं. पांढरा, थोराड बैल, मानेवर जुवाचा घट्टा. समोर वाढं पडलेलं, त्याला तोंड लावलेलं नव्हतं. पोट खपाटीला. मी बराच वेळ उभा राहिलो, रवंथ नाही. माणिकराव मागून म्हणाले, "आला तवापासून असाच हाय. घाण्याचा बैल, त्याला मोकळं हुबं ऱ्हायची सवय न्हाई."

हे ऐकलं आणि मला माझीच नोकरी आठवली. कुत्र्याला छावणीत न्यायला माणिकरावांनी कधीच हो म्हटलं नसतं. पण आजारी बैल दवाखान्यात दाखल करायला मला कुणाचीच परवानगी लागत नव्हती.

"माणिकराव, या बैलाला दवाखान्यात न्यावं लागेल."

त्यांना सगळं कळलं होतं. "कुत्र्याचा दात लागला तर?"

"मुसकी बांधतो."

मुसकी म्हणजे बैलानं उभ्या पिकाला तोंड लावू नये म्हणून त्याच्या तोंडावर बांधायची दोरीची जाळी. कुत्र्याच्या मापाची मुसकी जगात कुणी विणली नसेल. माणिकराव छावणीतल्या एका म्हाताऱ्याकडं गेले, वासराची मुसकी घेतली, तिथंच बसून दोन पेड सोडवून ती लहान केली. मग मण्याचा कासरा स्वतः हातात घेऊन पुढं चालायला लागले.

दवाखान्याच्या मागं एक कडुनिंब होता. मावशी आधीच येऊन बसल्या होत्या. मण्याला झाडाला बांधलं. युसूफभाईंनी कुत्र्याला मुसकी चढवली, साखळी सोडून दोरी हातात धरली. मी हातमोजे घालून मधे उभा. चूक निघाली असती तर मावशींचं कुत्रं जाणार होतंच, बैलही गेला असता.

कुत्रं आलं ते धावत नाही. लटपटत, वास घेत, बैलाच्या पुढून न जाता बाजूनं वळसा घालून मागं गेलं. मागं जाऊन उभं राहिलं. मण्यानं मान वळवली नाही. त्याला आयुष्यभर मागं बघायची सवयच नव्हती. त्यानं फक्त शेपटी उचलली आणि एकदा हलवली. ती मुसकीवरून फिरली.

कुत्रं खाली बसलं. मावशींनी "होऽ" म्हटलं नव्हतं.

मण्या आधी पुढच्या गुडघ्यांवर आला, मग अंग टाकून बसला, कुत्र्याच्या अंगाला अंग लावून. मग त्याच्या गळ्यातून एक गोळा वर चढताना दिसला आणि जबडा हलायला लागला. मी युसूफभाईंना म्हणालो, "रवंथ." ते म्हणाले, "दिसतंय, साहेब. ओरडू नका." माणिकरावांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि वाढं आणायला माणूस धाडतो म्हणून निघून गेले. धाडला नाही, स्वतःच डोक्यावर भारा घेऊन आले.

दहा दिवस मी दोघांना तिथंच ठेवलं. कुत्र्याची मुसकी फक्त खाताना काढायची, काठीनं ताटली सरकवायची, हे नियम शेवटपर्यंत पाळले. पण ते पिसाळलेलं नाही हे मला कडुनिंबाखालीच कळलं होतं. कुत्रं खायला लागलं. शेपटीची जखम खपली धरायला लागली. दहा दिवस उलटले, ते जिवंत होतं, अंगावर थोडं मांसही आलं होतं. मुसकी सोडली तेव्हा त्यानं पहिलं काम केलं ते मण्याची शेपटी हलकेच दातांत धरण्याचं.

आता खरा पेच आला. मावशींच्या घरी चारा नव्हता, बैलाला छावणीतच जावं लागणार होतं. मी विचारलं, "मावशी, कुत्रं घरी नेताय ना?" घरात त्यांच्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं. मालक जाऊन बरीच वर्षं झाली होती, घाणा त्याच एकट्या हाकायच्या. हे कुत्रं गेलं की घर रिकामं. मावशींनी कुत्र्याच्या मानेवरनं हात फिरवला. मग म्हणाल्या, "माझ्यासंगं आलं तर पुना शेपटी खाईल. मण्यासंगं ऱ्हाऊ द्या. मला काय, मी माणूस हाय, ऱ्हाईन."

माणिकराव घसा खाकरून म्हणाले, "छावणीत कुत्र्याला मनाई हाय." आम्ही सगळे त्यांच्याकडं बघायला लागलो. "पण मण्यासंगं येऊन राहिलं, तर मी काय करणार?" त्यांनी कासरा धरला, मण्या चालायला लागला, मागं कलेक्टर. गावातली माणसं दारात येऊन बघत होती. मावशी वळणापर्यंत त्यांच्या मागं गेल्या. तिथून त्यांची वाट वेगळी होती. त्या एकट्या घराकडं वळल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखा छावणीत फेरीला गेलो. मण्याच्या दावणीशी, मागच्या बाजूला, अंबूमावशी बसलेल्या दिसल्या. शेजारी गाठोडं, एक तवा, एक परात, वळकटी. कुत्रं त्यांच्या मांडीवर डोकं टाकून झोपलं होतं आणि मण्याची शेपटी दोघांवरून येऊनजाऊन होती.

मी म्हणालो, "मावशी, घरी काही झालं का?"

"काय व्हायचंय, सायब?" त्या म्हणाल्या. "काई झालं न्हाई. पर घरात कुणी फिरतच न्हाई. डोळ्याला डोळा लागंना."

माणिकराव मागून आले. त्यांनी हातातले दोन बांबू जमिनीत ठोकले आणि सावलीसाठी पोतं बांधायला घेतलं.